लांडग्यांचा वाटा

खूप खूप वर्षांपूर्वी, माळाला कुणी मालक नव्हता तेव्हाची ही गोष्ट. एका उघड्या माळावर धुळाप्पा नावाचा धनगर राहत होता. बायको जनाक्का, खंड्या कुत्रा आणि मेंढरांचा कळप, एवढाच त्याचा संसार.

माळापलीकडच्या घळीत लांडग्यांची एक जोडी होती. अधूनमधून ती एखादं मेंढरू मारायची. अशा मेंढराबद्दल धनगरांची एक जुनी रीत होती. ते उचलून आणायचं नाही, त्याचं मांस आपण खायचं नाही, मारलं तिथंच ठेवायचं. लांडगे ते पुरवून पुरवून खायचे आणि संपेपर्यंत कळपाकडे फिरकायचे नाहीत. ही रीत का पडली हे धुळाप्पाला ठाऊक नव्हतं. विचार करणं हा काही त्याचा आवडता उद्योग नव्हता.

एकदा लांडग्यांनी त्याची गाभण मेंढी मारली. धुळाप्पाचं डोकं फिरलं. तो बाजारात गेला आणि विष घेऊन आला.

जनाक्का म्हणाली, "अवो, त्यो त्यांचा वाटा हाय. त्यात इख कालवू नका."

"माझ्या मेंढरात त्यांचा कसला गं वाटा?" असं म्हणून त्यानं मेलेल्या मेंढीत विष भरलं.

सकाळी मेंढीजवळ नर लांडगा मरून पडला होता. धुळाप्पानं मिशीवर ताव दिला. मग त्याला मरून पडलेले चार कावळे दिसले, एक घार दिसली, आणि थोडं पुढं पाय ताणून पडलेला खंड्या दिसला. लांडगा मेला म्हणून हसावं की खंड्यासाठी रडावं, हेच त्याला कळेना. शेवटी तो रडला.

लांडगा एक उरला, म्हणजे निम्माच त्रास, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पण झालं भलतंच. आता रोज एक मेंढरू मरू लागलं. लांडगीण त्यातलं थोडंसं खायची आणि उरलेलं टाकून जायची. त्यातही धुळाप्पानं विष भरून पाहिलं, पण ती परत येईचना. मेंढरं नुसती सडत पडली. "खाणारी तोंडं कमी झाली, मग मेंढरं जास्त का मरत्यात?" धुळाप्पा डोकं खाजवत राहिला.

एका संध्याकाळी घळीच्या तोंडाशी ती त्याला दिसली. धुळाप्पानं काठी खाली ठेवली. "काय गं, आदी एक मेंढरू तुमा दोघांस्नी चार दिस पुरायचं. आता तुला एकटीला रोज नवं कशापायी?"

लांडगीण म्हणाली, "तेव्हा तू ठेवलेलं आम्ही निर्धास्त खात होतो. माझा नर तेच खाऊन गेला. आता मी मारलेलं जागच्या जागी खाते तेवढंच. पाठ फिरवली की ते माझं राहत नाही. मग भूक लागली की नवं."

"आता इख न्हाई घालायचो. आईची आण."

"पूर्वी तू आण घेत नव्हतास," लांडगीण म्हणाली. "तशी गरजच पडली नव्हती."

घरी येऊन त्यानं हे सगळं जनाक्काला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मेलेलं मेंढरू त्यानं खरोखरच बिनविषाचं ठेवलं आणि लांब जाऊन बसला. लांडगीण आली. तिनं मेंढरू हुंगलं, त्याच्याभोवती फिरली, आणि सरळ कळपाकडे निघाली. तिला हुसकायला खंड्याही नव्हता.

कळप विरळ होत गेला. उरलेली मेंढरं घेऊन नवराबायकोला तो माळ सोडावा लागला. वाटेत धुळाप्पा पुन्हा पुन्हा विचारत होता, "पर माझं चुकलं कुठं गं?"

"म्या कशाला सांगू?" जनाक्का म्हणाली. "त्या लांडगिणीनं सांगितलं की तुमास्नी."

तात्पर्य : वैऱ्याशी पाळलेली रीतही दगा देऊन मोडू नये; मोडली की वैरी तेवढा उरतो.