लाल दिवा

“पण उस्ताद, डायनामो काढून आल्टरनेटर बसवला. नवाकोरा. पट्टा ताठ, वायर जाड. तरी थेंबभर करंट देत नाही. का?”

दस्तगीर उस्तादांनी बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं. जुन्या गाडीभोवती एक फेरी मारून ते परत आले.

गाडी विद्याधरच्या वडिलांची. तीस वर्षं ती मिरजेच्या याच गॅरेजात यायची. शाळेच्या सुट्यांत विद्याधर इथेच प्लग घासायला शिकला. पुढे तो इंजिनिअर झाला. आल्टरनेटर बसवायचं यंदाचं काम मात्र त्याने उस्तादांना न विचारता घरीच उरकलं होतं.

वडील जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून आईने उंबरा ओलांडला नव्हता. काल ती आपणहून म्हणाली, “नृसिंहवाडीला जाऊन येऊ. ह्यांच्या गाडीतून.” आणि आज गावाबाहेर पडायच्या आतच बॅटरी उतरली, गाडीने मान टाकली. चार जणांनी ढकलत इथवर आणली.

आता परत घरी गेलो, तर आई पुन्हा निघायची नाही, हे विद्याधरला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या सीटवर सुमतीबाई थर्मासमधून चहा ओतत होत्या.

“विद्या, घे रे घोटभर.”

“नको आई. तू स्वस्थ बस. मी आहे ना.”

आठ महिने तो हेच म्हणत होता. त्यांच्या हातातलं भांडंसुद्धा काढून घेत होता.

उस्ताद डॅशबोर्डापाशी वाकले. “इथला लाल दिवा?”

“तो काढून टाकला. शेजारी चार्जिंगचा मीटर असताना दिवा कशाला? अडाण्यांची सोय ती.”

“म्हणजे आमची.”

सुमतीबाई खुदकन हसल्या. विद्याधरने चमकून मागे पाहिलं.

उस्तादांनी पत्र्याच्या डब्यातून बोराएवढा बल्ब शोधला, मोकळ्या सुटलेल्या वायरींना जोडला. चावी फिरवली. बॅटरीत होती नव्हती तेवढी धुगधुगी घेऊन दिवा मिणमिणला.

“चल, हँडल मार. डिग्री ठेव बाजूला.”

तिसऱ्या हिसक्याला इंजिनाने सूर धरला. दिवा विझला. मीटरचा काटा हळूच उजवीकडे सरकला.

विद्याधर बघतच राहिला.

“बॅटरीतला चिमूटभर करंट या दिव्यातून आल्टरनेटरला जातो,” उस्ताद म्हणाले. “तेवढा मिळाला की तो जागा होतो. मग सगळ्या गाडीला पुरवतो.”

“एवढा देणारा... आणि त्याला आधी या थकलेल्या बॅटरीकडून घ्यावं लागतं?”

उस्ताद फडक्याला हात पुसत राहिले...

मागच्या खिडकीतून चहाने भरलेलं थर्मासचं झाकण धरलेला आईचा हात मघापासून तसाच बाहेर होता.

“चहा निवतोय,” ते म्हणाले.