खाऱ्या बावेचं पाणी

या, असे भोकरीच्या सावलीत या. उन्हं चढलीत. ही जी कठड्याची विहीर दिसते ना, तिला आम्ही बाव म्हणतो. वसईकडच्या ख्रिस्ती लोकांचा हा जुना शब्द. हवं तर एक ओंजळ तोंडात घेऊन पाहा. घेतली? झालं ना तोंड वाकडं? होणारच. हिच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा केला तर दूध फाटतं. घरोघरी नळ येऊन पुष्कळ वर्षं झाली. तरीही आमच्या तिवरपाड्यात मूल जन्मलं की त्याच्या बाप्तिस्म्याचं पाणी ह्याच बावेतून काढतात. दुसरं चालत नाही असं मुळीच नाही. आम्हालाच दुसरं आवडत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती माणसाचा दुसरा जन्म. फादर मुलाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांचं नाव घेतात, आणि ते मूल देवाच्या घरचं होतं. बाकीचे सगळे संस्कार हा उंबरठा ओलांडल्यावर. चाळीस वर्षं मी इथल्या पोरांना धर्मशिक्षण दिलं, त्यामुळे समजावून सांगायची खोड लागली आहे. तेवढी सांभाळून घ्या.

पण आमच्याकडे पाण्यानंतर आणखी एक गोष्ट होते, आणि ती कुठल्याही धर्मपुस्तकात सापडायची नाही. गावातली सर्वांत वयस्क बाई देवळाच्या पायरीवर शहाळं घेऊन उभी असते. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. बाळ बाहेर आलं की ती शहाळ्यात बोट बुडवून त्याच्या ओठांना लावते. हल्ली डॉक्टरीणबाई रागावतात, म्हणून बोट नुसतं टेकवतो. आधी खारं पाणी, मग शहाळं. असं का, ते माझ्या आजोबांनी मला सांगितलं आणि त्यांना त्यांच्या आजोबांनी.

साल कोणालाच ठाऊक नाही. त्या काळी पाद्री थोडे होते. एक फादर आणि सात गावं, असं सांगतात. फादर होडीने यायचे, तेही भरती साधून. महिन्या-दीड महिन्यातून एकदा गावात मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची आमची मुख्य उपासना, व्हायची. मधल्या काळात कोणी जन्मलं, कोणी मेलं, तर लोकांनीच निभावून न्यायचं. म्हणून फादरांनी गावोगावच्या सुइणींना एक गोष्ट शिकवून ठेवली होती. मूल जगेलसं वाटत नसेल तर माझी वाट पाहू नका. डोक्यावर पाणी ओता आणि म्हणा, 'मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने बाप्तिस्मा देते.' सुइणीने दिलेला तो बाप्तिस्मा खुद्द पोपमहाशयांनी दिल्याइतकाच खरा. आमच्या धर्मात हे आजही तसंच आहे.

तिवरपाड्याची सुईण होती कातरीनबाय. अंगाने शिडशिडीत, जिभेने तिखट आणि हाताला यश. अर्धं गाव तिच्याच हातांत पहिल्यांदा रडलेलं, त्यामुळे भलेभले तिच्यापुढे मान वर करून बोलत नसत.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. पावसाचं पाणी साठवायची जी तळी आमच्याकडे असतात, त्यांच्या तळाला भेगा पडल्या. बावेत गोडं पाणी कमी झालं आणि खाडीचं पाणी आत शिरलं. प्यायचं पाणी दोन कोसांवरच्या झऱ्यावरून डोक्यावर आणावं लागे, आणि ते घरी पोचेपर्यंत अर्धं सांडलेलं असे.

त्याच उन्हाळ्यात कातरीनबायची लेक लुझी बाळंत झाली. दिवस भरले नव्हते. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी, आणि श्वास असा की मोजून घ्यावा. कातरीनबायने ओळखलं की ही राहणार नाही. होडी यायला अजून दोन आठवडे होते. घरात झऱ्याचं पाणी संपलेलं, नुसता खाऱ्या पाण्याचा हंडा भरलेला. ती हंड्यापाशी गेली आणि थबकली म्हणे. जे पाणी म्हैस तोंडात घेत नाही, ते देवाच्या लेकराच्या माथ्यावर कसं ओतायचं?

अंगणातल्या माडाला त्या दुष्काळातही चार शहाळी होती. तिला वाटलं, ह्याच्याहून निर्मळ ते काय असणार. देवाने स्वतः भरलेलं, स्वतः झाकलेलं, माणसाचा हात न लागलेलं. तिने शहाळं फोडलं, पाणी मुलीच्या डोक्यावर ओतलं, एक शब्द न चुकता मंत्र म्हटला आणि नाव ठेवलं मारी. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत मारी गेली.

देवळाच्या भिंतीच्या आत, चाफ्याखाली तिला पुरलं. लुझी रडून रडून अर्धी झाली, पण कातरीनबायच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, असं सांगतात. ती लेकीला एवढंच म्हणे, "बाय, उगी. आपली मारी बाप्तिस्मा घेऊन गेली हाय. ती देवाच्या मांडीवर हाय." त्याच एका वाक्यावर ते घर उभं होतं.

दोन आठवड्यांनी फादर आले. त्या दिवशी मिस्सेनंतर बस्त्याव नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाचा, दुमिंगचा, बाप्तिस्मा होता. पोर चांगलं गुटगुटीत. सगळे देवळाच्या दाराशी जमले. इतक्यात कातरीनबाय आली, एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात शहाळं. म्हणाली, "फादर, ह्या पोरालाही चांगलंच पाणी घाला. माझ्या मारीला मी हेच घातलं."

फादरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाले, "कातरीनबाय, हे पाणी नव्हे. हा फळाचा रस आहे. ह्याने बाप्तिस्मा होत नाही."

शहाळं तिच्या हातून सुटलं आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलं. आमच्या धर्माचं हे असं आहे बघा. मिस्सेत भाकर गव्हाचीच लागते, द्राक्षारस द्राक्षांचाच लागतो आणि बाप्तिस्म्याला पाणी पाण्याचंच. तांदूळ पिकवणाऱ्या, ताडी काढणाऱ्या माणसांना ते समजायला वेळ लागतो, पण तसं आहे खरं.

तोवर गावच्या मुकादमाच्या लक्षात भलतंच आलं. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमाला पक्का. त्या काळी नियम होता की बाप्तिस्मा न झालेलं मूल देवळाच्या भिंतीच्या आत पुरायचं नाही. तो म्हणाला, "मग ती चाफ्याखालची कबर बाहेर न्यायला लागेल, फादर. नियम हाय." आणि तो कुदळ आणायला गेलाही.

लुझी चाफ्याकडे धावली. कातरीनबाय मात्र सरळ देवळात शिरली आणि कुमसाराच्या जागी जाऊन तिने गुडघे टेकले. फादरही मागोमाग आत गेले. कुमसार म्हणजे पाद्र्याजवळ आपली पापं सांगून देवाची क्षमा मागणं. तिथे काय बोलणं होतं ते फादर मेले तरी कोणाला सांगत नाहीत. हे आपल्याला ठाऊक आहे ते कातरीनबायनेच पुढे प्रत्येक सुइणीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणून.

ती म्हणाली, "मी माझ्या नातीला देवाच्या दारात नेलं आणि बाहेरच ठेवलं. हे पाप मला सोसत नाय."

फादर म्हणाले, "पाप व्हायला ते पाप आहे हे कळावं लागतं आणि करायचं मनात असावं लागतं. तुला कळलं नाही आणि मनात तर नव्हतंच. हे पाप नव्हे, बाई."

पण ती हटेना. "प्रायश्चित्त द्या. त्याबिगर मी उठायची नाय."

"बरं तर," फादर म्हणाले, "जा आणि बावेतून एक कळशी काढून आण."

"खाऱ्या बावेतून?"

"खाऱ्याच. समुद्राचं असो, गढूळ असो, पाणी ते पाणी. देवाने आपल्याकडे भारीचं काही मागितलं नाही. गरिबातल्या गरिबाच्या घरी जे असतं, तेच मागितलं. तुझ्या हंड्यात ते होतं. ते चालतं हे मी तुला कधी सांगितलं नाही."

कातरीनबाय बावेवर गेली. पाणी खोल गेलेलं, तिने दोर जोडून कळशी सोडली. तिच्या आसवांनीच ही बाव खारी झाली, असं काही लोक सांगतात. ते खोटं आहे, बाव आधीच खारी होती. पण आसवं पडली असतील हे मी नाकारत नाही. दोन आठवडे अडवून धरलेली होती ती.

त्या कळशीतल्या पाण्याने दुमिंगचा बाप्तिस्मा झाला. पोराने ओठावरून ओघळलेला थेंब चाखला आणि तोंड वाकडं केलं, अगदी तुम्ही मघाशी केलंत तसं. फादर तशाच ओल्या हातांनी चाफ्याकडे निघाले आणि सारा गाव त्यांच्यामागे गेला. मुकादम कुदळ घेऊन कबरीपाशी उभाच होता.

फादरांनी त्याला विचारलं, "ह्या बाईने ही मुलगी कोणाच्या हाती दिली होती?"

मुकादम जरा गोंधळला. म्हणाला, "देवाच्या."

"मग देवाने ती परत केली काय?"

मुकादमाने हातातल्या कुदळीकडे पाहिलं.

"संस्कारांनी आपण बांधलेले आहोत," फादर म्हणाले. "देव बांधलेला नाही. मी सुइणींना शब्द शिकवले, पण पाणी कुठलं ते शिकवलं नाही. चूक माझी आहे. कुदळ चालवायचीच असेल तर आधी मला भिंतीबाहेर काढ." आणि ते त्या इवल्याशा कबरीपुढे गुडघ्यांवर बसले.

मुकादमाने कुदळ खाली ठेवली. थोड्या वेळाने तीच उचलून त्याने उशाशी खड्डा केला आणि आपल्या कुंपणाचं लाकूड आणून तिथे क्रूस रोवला, असं सांगतात. नियमाला पक्का माणूस वळला की असा वळतो.

पायऱ्यांखाली गडगडलेलं शहाळं तसंच पडलं होतं. फादरांनी ते उचललं, पुसलं आणि कातरीनबायच्या हातात दिलं. "पाणी देवाचं होतं, ते झालं," ते म्हणाले. "आता आजीचं दे." तिने ते फोडलं. एक थेंब दुमिंगच्या ओठांना लावला आणि उरलेलं सगळं चाफ्याखाली ओतलं. मग लेकीच्या गळ्यात पडून ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

आता तुम्ही विचाराल, चमत्कार कुठे आहे? काहीच झालं नाही. पाऊस पुढच्या साली आला, तो एरवी येतो तसा. बाव काही गोड झाली नाही. कातरीनबाय म्हातारी होईपर्यंत सुईणपण करत राहिली आणि ह्या बावेच्या पाण्याची कुपी कायम कनवटीला ठेवत राहिली, एवढंच. पण मी पोरांना शिकवताना सांगत आलो की पंडितांनी शंभर पानांत जे लिहिलं असेल, ते आम्हाला एका सुइणीच्या चुकीने शिकवलं. देव साध्या वस्तूंतून येतो, आणि त्या वस्तूंपाशी थांबून राहत नाही. त्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत. दुमिंग माझ्या खापरपणज्याचा बाप. तो ऐंशी वर्षं जगला आणि दर रविवारी चाफ्याखाली जाऊन बसायचा म्हणे.

चला, आता उन्हं उतरलीत, देवळाकडे जाऊ. हे आलो बघा. जुना चाफा पडला, हा त्याच्याच फांदीचा. क्रूसही चौथा की पाचवा असेल. नाव तेवढं तेच आहे, मारी. आजही बाप्तिस्मा झाला की आईबाप बाळाला घेऊन घरी जायच्या आधी इथे येतात. म्हातारी पायरीवर बाळाच्या ओठांना शहाळं लावते आणि उरलेलं इथे मारीच्या मातीत ओतते. आमच्या गावात पहिलं शहाळं कुठलंच पोर एकटं पीत नाही.