गंधाराची पट्टी

पेटीच्या पट्ट्यासुद्धा बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. देवळातल्या बाजाच्या पेटीत गंधाराची पट्टी एकदा दाबली की वर येईना. भजन पुढे गेलं तरी तिचं आपलं भोंऽ चालूच.

"काय बाई हट्टी," शेजारच्या दोघी म्हणायच्या. ती बिचारी खालमानेनं ऐकून घेई. पुढे पुढे तिलाही वाटू लागलं, खोट आपल्यातच आहे.

शेवटी पेटी दुरुस्त करणाऱ्या भिकूअण्णांनी झाकण उघडलं. हातातली कानस दिसताच तिनं डोळे घट्ट मिटले. पण अण्णांनी कानस फिरवली ती दोन्ही शेजारणींच्या कडांवर. गंधाराची पट्टी टुणकन वर आली.

"दबलेली ती, मग आम्हाला का घासलंत?" शेजारणी कुरकुरल्या.

"पावसाळी हवेनं तुम्ही फुगलात, बायांनो," अण्णा म्हणाले. "तिला उठायला जागा कुठे ठेवली होती?"