थोरल्या साहेबांचा हार

"डबा उघडायचा नाही, हलवायचा नाही, बंद करायचा नाही. खरखर मात्र थांबली पाहिजे! थांबली तर नोकरी. नाहीतर एसटी स्टँड उजव्या हाताला आहे!"

सांगलीच्या धुंडिराजसाहेबांचा कानयंत्रांचा कारखाना. अ‍ॅनालॉग सर्किट डिझाइन करणारा इंजिनिअर हवा होता. मुलाखतीला टेबलावर अ‍ॅम्प्लिफायरचा एक खरखरणारा डबा मांडलेला, आणि वर साहेबांची ही अट. सकाळपासून जो आला तो डब्याकडे बघून घामाघूम झाला आणि स्टँडवर गेला.

आता पाळी कस्तुरा रेणकेची. बाप गोंधळी, संबळ वाजवणारा. नोकरी हुकली तर उद्यापासून मामाच्या रसवंतीवर बसायचं, असं घरी ठरलेलं. शिकलेलं सगळं उसाबरोबर चरकात!

तिने डब्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून ऐकत राहिली. खर्र... गप्प. खर्र... गप्प. अरे, हा तर ठेका!

डोळे उघडले तर समोर भिंतीवर थोरल्या साहेबांचा फोटो. त्यावर विजेची लुकलुकती माळ. पेटली की खर्र, विझली की गप्प!

"साहेब, ही माळ जरा..."

"खबरदार! वडील गेल्यापासून ती बंद झालेली नाही. माझ्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही!"

"आलेच," म्हणून कस्तुरा उठून बाहेर गेली.

"पळाली!" साहेब म्हणाले.

ती परत आली झेंडूचा टपोरा हार घेऊन.

"हे काय? लाच?"

"तुम्हाला कशाला? थोरल्या साहेबांना! विजेच्या माळेला कुठला आलाय वास! घालू का?"

साहेब विरघळले. "घाल की, पोरी!"

"पण माळेवर हार घालू कसा? आणि तिला तर तुमच्याशिवाय..."

साहेब स्वतः खुर्चीवर चढले. पिन उपसली, माळ उतरवली.

खोली चिडीचूप!

साहेब खुर्चीवरच थबकले. पिन पुन्हा खोचली. खर्र! उपसली. गप्प.

"म्हणजे... डब्यात काहीच खोट नव्हती?"

"काहीच नाही! मी तो उघडला नाही, हलवला नाही, बंद केला नाही. आणि माळेलाही हात तुमचाच लागला!"

साहेब इतके हसले की खुर्ची डगमगली. "उद्यापासून कामावर ये! पहिलं काम, खरखर न करणारी माळ बनव."

"बनवते, साहेब. तोवर रोज हार मी आणीन, खुर्चीवर तुम्ही चढा!"