मोगरा घोडा कोणी मारला?

मोगरा घोडा सिंहांनी फस्त केला आणि भुजंगराव महाराजांचं डोकं फिरलं!

घोडा होताच तसा लाडका. पांढराशुभ्र, महाराजांच्या हातचा गूळ खाल्ल्याशिवाय पाऊल न टाकणारा. महाराज तित्तिरांच्या शिकारीला रानात गेले, मोगऱ्याला ओढ्याकाठी बांधलं, झुडपांत शिरले आणि परत येऊन पाहतात तर काय! खोगीर तेवढं शिल्लक! बिचारे महाराज लहान मुलासारखे रडले. रडून झाल्यावर संतापले. आता राजा संतापला की निस्तरायचं कुणी? रानातल्या गवळ्यांनी, दुसरं कोण!

महाराजांनी गवळ्यांना बोलावून बजावलं, "मी न्यायी राजा आहे. निरपराधाला मी हात लावत नाही. माझ्या मोगऱ्याचा गुन्हेगार कोणता सिंह, ते उद्या जेवणवेळेपर्यंत दरबारात येऊन सांगा. नाही सांगितलंत, तर रानातला एकूण एक सिंह गोळी घालून मारीन, आणि त्यांच्या शेजारी सुखानं नांदणाऱ्या तुम्हालाही रानाबाहेर हाकलीन!"

घ्या! याला म्हणायचं न्याय!

गवळ्यांच्या वाडीत त्या दिवशी चूलसुद्धा पेटेना. शेवटी गवळ्यांचा नाईक म्हणाला, "कळपातल्या त्या आयाळवाल्या सिंहाचं नाव सांगून मोकळे होऊ. एक जाईल, बाकीचे तरी वाचतील."

"कसले वाचतात, बाबा!" त्याची लेक झुंबर उसळून म्हणाली. "आयाळवाला गेला की नदीपलीकडचे ते दोन तरणे नर आत घुसतील. आल्या आल्या आधी सगळे छावे मारतील. मग रानात सिंह उरणार किती? सगळ्या गवतात रानडुकरं आणि नीलगाई! आपल्या म्हशींनी मग काय दगड चघळायचे?"

"मग तूच सांग काय करायचं ते!"

"मी जाते दरबारात," झुंबर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झुंबर वाड्यावर पोहोचली तेव्हा पंगत मांडलेली होती. महाराज चौरंगावर, शेजारी दिवाणजी, समोर दरबारी मंडळी. रश्शाचा वास असा सुटलेला की दिवाणजींचा हात दोनदा ताटाकडे जाऊन मागे आला.

"कुठाय गुन्हेगार?" महाराज गरजले.

"सांगते, महाराज. पण ताटात हे काय वाढलंय?"

"तित्तिर. डोळे आहेत ना?"

"मारलं कुणी?"

"आमच्या शिकाऱ्यानं, सर्जेरावानं. तो काय समोर बसलाय."

"आणि रांधलं?"

"आचाऱ्यानं! पोरी, तू गुन्हेगार सांगायला आलीस की स्वयंपाक शिकायला?"

"शेवटचंच विचारते. पहिला घास कोणाचा?"

"माझा! राजाच्या आधी कोण घास घेईल?"

"अगदी बरोबर," झुंबर म्हणाली. "सिंहाच्या घरीही हीच रीत आहे, महाराज. दबा धरतात सिंहिणी, धावतात सिंहिणी, झडप घालतात सिंहिणी. तो आयाळवाला मागून डुलत डुलत येतो आणि पहिला घास घेतो. तुमच्या मोगऱ्यावर त्यानं पंजासुद्धा उगारला नाही. गवळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"सापडला!" दिवाणजींनी मांडीवर थाप मारली. "महाराज, हाच खरा गुन्हेगार! कष्ट दुसऱ्यांचे आणि हा ऐतखाऊ आधी ताव मारणार! असल्याला गोळीच घातली पाहिजे!"

कुणी महाराजांकडे पाहिलं, कुणी महाराजांच्या ताटाकडे. आपण काय बोलून बसलो ते दिवाणजींच्या ध्यानात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

"दिवाणजी!" महाराज ताडकन उठले. "मी ऐतखाऊ? अहो, या राज्याची सीमा कोण राखतं? मी! मी इथे आहे म्हणून पलीकडचा शत्रू आत पाय ठेवत नाही. उद्या मी नसलो, तर तो घुसेल आणि पहिली कत्तल करील ती लेकराबाळांची! तेव्हा कळेल मी काय करतो ते!"

झुंबरनं चटकन वाकून मुजरा केला. "महाराज, हेच सांगायला मी आले होते! त्या आयाळवाल्याच्या सीमेपलीकडेही दोन शत्रू टपून बसलेत, आणि त्याच्या भरवशावर इथले छावे जगतायत. त्याची बाजू तुम्ही मांडलीत, माझ्याच्यानं इतकी झकास मांडता आली नसती!"

महाराज उभ्याचे खाली बसले. मिशीला पीळ दिला. मग हट्टानं म्हणाले, "बरं, सिंह सुटला. पण सिंहीण? झडप तर तिनंच घातली ना? मग तिला शिक्षा!"

"जरूर द्या. फक्त तिच्याशेजारी सर्जेरावकाकांनाही उभं करा. यांनी धन्याच्या ताटासाठी तित्तिर मारलं, तिनं पोरांच्या पोटासाठी घोडा मारला. गुन्हा एकच, मग गोळीही एकच नको का?"

सर्जेरावाच्या कपाळावर घाम फुटला. त्यानं घाईघाईनं ताट पुढे सरकवलं. "महाराज, देवाशपथ, मला तित्तिर आवडतच नाही!"

आणि भुजंगराव महाराजांना हसू फुटलं! दिवाणजी हसले, पंगत हसली, वाढपी हसले. सर्जेराव तेवढा हसला नाही.

"जिंकलीस, पोरी!" महाराज डोळे पुसत म्हणाले. त्यातलं थोडं पाणी मोगऱ्यासाठीही होतं. "घोडा मीच सिंहांच्या दारात बांधून गेलो, तर त्यांनी तरी काय करावं? आजपासून त्या रानात बंदूक चालणार नाही. गवळी तिथेच राहतील. आणि त्या सिंहाला माझा निरोप दे, राज्य नीट सांभाळ म्हणावं."

"देते की, महाराज. पण संध्याकाळ होऊ द्या. आत्ता तो करवंदीच्या जाळीत चारी पाय वर करून पडलेला असेल. राजेलोकांना दुपारच्या झोपेतून उठवलं की काय होतं, ते तुमच्या हुजऱ्याला विचारा!"

हुजऱ्यानं पटकन दुसरीकडे तोंड फिरवलं. महाराज मात्र असे खदखदून हसले की पगडी घरंगळून रश्शात पडता पडता राहिली! त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि झुंबरच्या हातात घातलं.