दयाळाचं गाणं

माणसांनी रानात अजून वाट पाडली नव्हती तेव्हाची गोष्ट. आंब्याच्या ढोलीत राहणारा दयाळ पक्षी रोज नवं गाणं रचायचा. ऐकणाऱ्याने ढोलीपाशी एक अळी ठेवायची, अशी रीत होती. त्यावर त्याची पिल्लं जगायची.

पुढे नकलाकार कोतवाल पक्षी तीच गाणी दारोदार फुकट म्हणू लागला.

"पण सासूबाई, दयाळभावजींची पिल्लं?" कोतवालाचं फुकटचं गाणं ऐकताना नवी नवरी खार सासूला म्हणाली.

"आपण काय चोरलं गं? गाणं त्याच्या गळ्यात आहेच की अजून!"

अळ्या थांबल्या. दयाळ दिवसभर चारा शोधत फिरू लागला, तरी दोन पिल्लं गेलीच. मग नवं गाणं कुठलं?

वसंतात कोतवालाने जुनंच गायलं, तेव्हा सासूबाई वैतागल्या. "दयाळ आळशी झालाय मेला. हल्ली कलावंतांना नुसतं पोटाचंच पडलेलं असतं!"