मैनेचं अग्न्यस्त्र

एका राज्यात हेरगिरीचं काम मैनांकडे होतं. शांततेची वार्ता आणली की मूठभर बाजरी, शत्रूच्या कपटाची आणली की सोललेलं डाळिंब, अशी तिथली रीत. मग काय, वार्ता कपटाच्याच येऊ लागल्या!

एके दिवशी राजा प्रतापादित्याची लाडकी मैना भर दरबारात बोलली, "शेजारच्या वज्रबाहूनं अग्न्यस्त्र दडवलंय!" झालं! रणनगारे दुमदुमले.

पण प्रतापादित्याच्या घराण्याला एका मांत्रिकाचा शाप होता. खोट्या वार्तेवर जो राजा लढाईला निघेल, त्याची फौज सीमेवरच्या नदीत दगड होईल, आणि त्या घराण्यातला राजा चूक कबूल करून मागे फिरेपर्यंत दगडच राहील. म्हणून राजानं शस्त्रपारखी विशालाक्षीला आधी खात्री करायला धाडलं. तिचा धाकटा भाऊ मकरंद आघाडीचा स्वार होता. तिचा जीव टांगणीला लागला.

वज्रबाहूनं पागा दाखवली, तिथे घोडे. पेवं उघडली, तिथे जोंधळा. तिसरं होतं तळघर. त्याच्या दारात मात्र तो आडवा उभा राहिला.

"हे उघडणार नाही."

"मग आपलं राज्य बेचिराख होईल, महाराज. आणि माझा भाऊही जाईल. उघडा!"

किल्ली फिरली. आत कोळ्याची जाळी, बाकी काही नाही. वज्रबाहू ओशाळला. "अस्त्र आजोबांनीच मोडलं. पण तळघर रिकामं आहे हे कळलं, तर आम्हाला कोण भिणार, बाई?"

विशालाक्षीनं कपाळावर हात मारला आणि आपल्या पंखांच्या घोड्यावर झेप घेतली.

नदीपाशी पाहते तो काय! राजाला धीर निघाला नव्हता. आघाडी पाण्यात उतरली होती आणि मकरंद गुडघ्यांपर्यंत दगड झाला होता.

"महाराज, अस्त्र नाही!"

प्रधान गरजला, "सापडलं नाही म्हणजे चांगलंच दडवलंय! हे दगड होणंही त्याचीच करणी!"

दगड कमरेपर्यंत चढला. "ताई, लवकर!" मकरंद ओरडला.

विशालाक्षीनं राजाच्या मनगटावरच्या मैनेपुढे डाळिंब धरलं. "सांग, प्रधानजींच्या पगडीत काय आहे?"

"अग्न्यस्त्र!"

"आणि महाराजांच्या मुकुटात?"

"दोन अग्न्यस्त्रं!"

अख्खी फौज खदाखदा हसली. राजाचा चेहरा पडला. "चुकलो. डाळिंबं मीच चारली. यापुढे सगळ्या वार्तांना बाजरीच! फिरा मागे!"

शब्द निघताच शाप तुटला. मकरंद धडपडत काठावर आला आणि ताईच्या गळ्यात पडला. तिला रडू आवरेना.

तेवढ्यात पात्रातले शेवाळलेले खडकही शिंकत उठू लागले. ती राजाच्या पणजोबांची फौज होती. एका मिशाळ शिलेदारानं डोळे चोळत विचारलं, "लढाई कोणी जिंकली?"

"झालीच नाही, आजोबा," विशालाक्षी म्हणाली. "चला, घरी जाऊ."